वैमानिक व्हावे काय?

विमानाचे आणि आमच्या भिवपुरीचे नाते अगदीच दूरचे नाही. ज्या टाटांच्या उद्योगसमूहाने १९२२ साली येथे वीजघर उभारले, त्याच घराण्यातील जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला. आता तर २०२५ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात नवी मुंबई विमानतळ झाला. तेव्हा आपल्यापैकी कुणी वैमानिक व्हावे काय, याचा हिशेब मी मांडून पाहिला.

व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे आणि २०० तासांचे उड्डाण लागते. बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवे, अशी अट चालत आली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यास हे विषय मुक्त विद्यालयातून देता येतात. खर्च मात्र पन्नास लाखांच्या आसपास जातो. मोठ्या जेट विमानाचे शिक्षण त्याहून निराळे.

नोकरी लागली तर पगार लाखांत, मानही मोठा. पण रात्रीअपरात्री उड्डाणे, सणासुदीला घर नाही. प्रकृती बिघडली की परवाना अडतो. २०१९ साली जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, क्रम चुकवू नये. आधी सरकारमान्य डॉक्टरांकडून तपासणी, मग ते दोन विषय, आणि वडिलांच्या जमिनीचा सातबारा बँकेत नेण्याचा विचार सर्वांत शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांना फार पैसा लागत नाही. आपण या वाटेला योग्य आहोत की नाही, हे मात्र तेथेच कळते.