तहानलेल्या राज्यातील रणगाडा

मराठीचा प्राध्यापक व्हिडिओ गेमवर लेख लिहिणार, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. ‘‘उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडलाय, आणि हे काय भलतंच!’’ त्यांचे काही चुकत नाही. पण वाचक हो, गेल्या चार रात्री मी वाळवंटात काढल्या आहेत. त्यांची हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

झाले ते असे. सुटी लागताच आमच्या चिरंजीवांनी ‘सँड लँड’ नावाचा खेळ आणला. वय वर्षे चौदा, पुढल्या साली दहावी! खेळ जप्त करायच्या तयारीनेच मी त्यांच्या खोलीत शिरलो.

‘‘बाबा, आधी बघा तरी. मग ओरडा.’’

मागणी न्यायाची होती. मी बसलो, आणि तिथेच फसलो.

जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात आणि जपानी चलच्चित्रांना ॲनिमे, हे ज्ञान मला त्या रात्री प्राप्त झाले. ‘ड्रॅगन बॉल’चे जगप्रसिद्ध चित्रकार अकिरा तोरियामा यांनी २००० साली ‘सँड लँड’ ही छोटीशी चित्रकथा काढली. २०२३ मध्ये तिचा चित्रपट झाला, २०२४ च्या मार्चमध्ये मालिका आली आणि एप्रिलअखेर हा खेळ. तोरियामा मात्र त्याच वर्षी १ मार्चला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी निवर्तले. आपले वाळवंट लोकांच्या हाती खेळताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कथा अशी आहे : युद्धे आणि आपत्ती यांनी नदी आटली आहे. सगळीकडे वाळूच वाळू. पाणी आहे ते राजाच्या ताब्यात, आणि राजा ते मनमानी भावाने विकतो. तेव्हा राओ नावाचा एक म्हातारा शेरीफ मदत मागायला जातो, तो थेट राक्षसांकडे! राक्षसांचा राजपुत्र बेल्झेबब, त्याचा वृद्ध सोबती थीफ आणि हा शेरीफ असे तिघे एका दंतकथेतल्या झऱ्याच्या शोधात निघतात. राजपुत्राची दुष्टकृत्ये ऐकाल तर थक्क व्हाल : रात्री उशिरापर्यंत जागणे आणि दात न घासता झोपणे! शिवाय स्वारी व्हिडिओ गेमची भारी शौकीन. मी चिरंजीवांकडे पाहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिले.

अशा खेळाला ‘ॲक्शन रोल प्लेइंग’ म्हणतात. आपल्या भाषेत, सोंग घेऊन लढायचे. सोंग राजपुत्राचे, पण खरा नायक म्हणजे रणगाडा. तो राजाच्याच सैन्याचा पळवलेला. त्याची तोफ बदला, भाग जुळवा, वाळूवरून धुरळा उडवीत न्या. तोरियामांच्या रेषेतले गोलमटोल यंत्र असे जिवंत होते की माझ्यासारख्या, सायकलवरून थेट बसमध्ये बसलेल्या माणसालाही ते हाकावेसे वाटले. स्पिनो नावाचे एक मोडकळीला आलेले गाव आहे. लोकांची अडलेली कामे करून द्यावीत, तसतसे ते पुन्हा वसत जाते. लढायांपेक्षा मला हे वसवणेच अधिक आवडले. राजपुत्र रणगाड्यातून उतरून ठोसे मारू लागला की मात्र गंमत ओसरते; तेच ठोसे, त्याच उड्या. कुणाचे काहीतरी शोधून आणण्याची कामेही पुन्हा पुन्हा येतात.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. तिसऱ्या रात्री ती माझ्या तोंडून निघून गेली.

‘‘अरे, यांना तहान कशी लागत नाही?’’

तासन्‌तास रणगाडा वाळवंटातून धावतो. पण चालवणाऱ्याच्या घशाला कोरड पडत नाही. कथेत तहान आहे, खेळात नाही. चिरंजीव म्हणाले, ‘‘तहान ठेवली तर कंटाळवाणं होईल, बाबा.’’

त्याचे खरे होते. तहान कंटाळवाणीच असते. माण तालुक्यातल्या आमच्या गावी टँकर यायचा, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. टँकरची वाट पाहणे हा सबंध दिवसाचा उद्योग. हंड्यांची रांग, त्या रांगेवरून होणारी भांडणे, आणि आपला हंडा पुढे सरकला की नाही हे पाहत उन्हात उभी असलेली आई. एकदा आमची पाळी आली आणि पाणी संपले. आई काही बोलली नाही. रिकामा हंडा तिने तसाच डोक्यावर घेतला आणि भरल्या हंड्यासारखी सावकाश चालत घरी आली. हे मी मुलाला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. खेळ थांबवून तो ऐकत राहिला.

आई आता आमच्याकडेच असते. नळाला दोन्ही वेळा पाणी येते, तरी झोपण्यापूर्वी ती घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवते. चिरंजीव तिची थट्टा करीत. मीही हसत असे. काल रात्री मात्र ती तांब्या घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्याने तिला हाताला धरून शेजारी बसवले आणि सारी कथा समजावून सांगितली : वाळू कुठली, राजा कोण, पाणी का विकतो.

आईने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग म्हणाली, ‘‘आरं, पर त्या राजाला कुनी इचारत न्हाई का?’’

‘‘आम्ही तेच विचारायला निघालोय, आजी,’’ असे म्हणून त्याने रणगाडा सुरू केला.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अजून तसाच आहे.