रंगाच्या साक्षीची पन्नास वर्षं

लंबवर्तुळाकार दीर्घिका दिसायला अगदी साध्या: सर्पिल भुजा नाहीत, नव्या ताऱ्यांची लगबग नाही. पण १९६१ साली जेरार द व्होकुलर यांनी दीर्घिकांचे रंग मोजून प्रसिद्ध केले आणि एक गोष्ट ठळक झाली. या दीर्घिका मध्यभागी जास्त लाल असतात, बाहेर जावं तशा किंचित निळसर होतात. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी या ‘किंचित’चाच कीस काढला.

१९७४ मध्ये रिचर्ड लार्सन यांनी गणित मांडलं. वायूचा प्रचंड ढग कोसळला, ताऱ्यांत शिजलेली जड मूलद्रव्यं वायूबरोबर आत सरकली, म्हणून केंद्रातले तारे धातूंनी संपन्न आणि लाल. (हेलियमपेक्षा जड ते सगळं धातू, ही या मंडळींची रीत, ऑक्सिजनसुद्धा सुटत नाही.) तीनच वर्षांनी आलार टूमरे म्हणाले, या दीर्घिका सर्पिल दीर्घिकांच्या टकरींतून घडल्या असाव्यात. टकरीत तारे ढवळून निघतात, म्हणजे रंगातला फरकही पुसट व्हायला हवा.

निवाडा मोजमापावर आला, आणि ते भलतंच किचकट. दीर्घिकेची कड रात्रीच्या आकाशापेक्षाही कितीतरी अंधूक; आकाशाचा उजेड वजा करताना टक्काभर चूक झाली तरी कडेचा रंग पार बदलतो. सीसीडी कॅमेरे आल्यावर हे जमू लागलं. १९९० मध्ये पेलेटिअर आणि सहकाऱ्यांनी ३९ दीर्घिका मोजल्या. केंद्रापासूनचं अंतर दसपट केलं की निळ्या-लाल प्रकाशातली तफावत सरासरी जेमतेम ०.०९ प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं एकक, मॅग्निट्यूड) घटत होती. रंगाचा उतार होता, पण लार्सन यांच्या गणिताइतका तीव्र नव्हता. पुरता सपाटही नव्हता.

शिवाय रंगाची साक्ष तशी कच्चीच. तारे म्हातारे असले तरी लाल, धातू जास्त असले तरी लाल. वय तिप्पट झालं काय किंवा धातू दुप्पट झाले काय, रंग जवळपास सारखाच बदलतो, हे १९९४ मध्ये आकड्यांत मांडलं गेलं. त्यात प्रकाश लालसर करणाऱ्या धुळीची भर. अशा दीर्घिकांतल्या धुळीचा अभ्यास पुण्याच्या आयुकातले अजित केंभावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही केला आहे.

२०१० च्या सुमारास मधला मार्ग निघाला: आधी झपाट्याने घट्ट गाभा तयार झाला, मग छोट्या, धातूंनी गरीब दीर्घिका गिळत बाहेरचा पसारा वाढला. निकाल अर्धा-अर्धा लागला म्हणायचा. माझं झुकतं माप मात्र लार्सन यांना. त्यांनी आकडा सांगायचं धाडस केलं, म्हणून तर तो ताडून पाहता आला.