अकरावीचा धडा आणि सिलिंडरचा काटा

२७ अंश सेल्सिअसला असलेल्या वायूच्या रेणूंचा वेग दुप्पट करायचा, तर तापमान किती हवे? नीटच्या सराव परीक्षांत हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतोच. घाईतला विद्यार्थी ५४ अंशांवर खूण करतो. चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. खरे उत्तर आहे ९२७. तापमान केल्विनमध्ये मोजायचे असते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ३०० चे १२००, त्यातून २७३ वजा.

‘कायनेटिक थिअरी’, म्हणजे वायूंचा गतिज सिद्धांत, हे प्रकरण एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात येते, राज्य मंडळाच्या बारावीच्या. सूत्रे थोडी असल्याने ती आदल्या रात्री पाठ करून भागेल, असा अनेकांचा हिशेब असतो. बीडमधून डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांनी तरी तो करू नये.

सूत्रांमागचे चित्र साधे आहे. खोलीतल्या हवेत ऑक्सिजनचे रेणू सेकंदाला सुमारे ४८० मीटर वेगाने धावतात, एकमेकांवर आदळतात, भिंतींवर आदळतात. भिंतीवरच्या या असंख्य धडकांनाच आपण दाब म्हणतो. मे महिन्यात बीडचा पारा ४२ वर गेला, तरी हा वेग जेमतेम १२ मीटरने वाढतो. आपल्याला असह्य होणारा उन्हाळा रेणूंच्या लेखी किरकोळ असतो!

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन अपुरा पडू लागला, तेव्हा परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला ओझोनचा प्रकल्प अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात हलवण्यात आला. ओझोन बनवण्यासाठी आधी हवेतून ऑक्सिजन वेगळा करावा लागतो. रुग्णांना तोच हवा होता. अशा यंत्रात हवा दाबाखाली झिओलाइटच्या खड्यांतून सोडतात. खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि खडे पुन्हा कामाला तयार. हाती येणारा वायू साधारण ९३ टक्के ऑक्सिजन असतो.

वॉर्डातही हेच गणित चालते. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर तो ७०० मिनिटांत, बारा तासांच्या आतच संपतो. काटा निम्म्यावर आला म्हणजे रेणू निम्मे उरले, धडका निम्म्या झाल्या. हातात सहा तासांहून थोडी कमीच वेळ आहे. रात्री दहाला निम्मा दिसलेला सिलिंडर पहाटे चारपूर्वीच रिकामा होणार, हे काट्याकडे पाहणाऱ्याला तेव्हाच सांगता आले पाहिजे.

भूल देण्यासाठी वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरवर मात्र हा हिशेब चालत नाही. त्यात बराचसा वायू द्रवरूपात असतो. वायू वापरला की द्रवाची वाफ होऊन जागा भरून निघते, त्यामुळे काटा जवळजवळ तिथेच राहतो आणि द्रव संपल्यावर झपाट्याने खाली येतो. तोवर आत किती शिल्लक आहे, हे सिलिंडरचे वजन करूनच कळते.