फडावरची पोरं कोणत्या गावची?

दिवाळी सरली की बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या वस्त्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) अंगावर असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबरच. घराला कुलूप लागलं की गाव म्हणतं, पोरं गेली, आता ग्रामपंचायत काय करणार? आणि जिथे टोळीच्या कोप्या (झोपड्या) पडतात तिथलं गाव म्हणतं, ही आमची पोरं नव्हेत.

दोन्ही गावांचं चुकतं. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं, ही त्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. त्यात जिल्हा परिषदेइतकीच पंचायतही येते. दाखला आला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरीही नाही. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण कोण जाणार आणि कोण थांबणार याची यादी टोळी निघण्याआधी झाली तरच ती सोय उपयोगी पडते.

सगळ्यांत महाग पडणारा समज जन्मनोंदीचा आहे. बाळ फडावर जन्मतं आणि आई-बाप म्हणतात, गावी गेल्यावर नोंदवू. पण जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते. २१ दिवसांत ती विनाशुल्क असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. रोजची मजुरी बुडवून दुसऱ्या जिल्ह्यात कोण खेपा घालणार? फड असलेल्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) कोप्यांवर एक फेरी मारली, तर पुढची सगळी वणवण वाचते.

वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या धास्तीने तिचं लग्न उरकलं जातं. 'घरचा मामला आहे, पंचायतीने पडू नये' असं तेव्हा ऐकू येतं. खरं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिकारी हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. १०९८ वर कुणीही कळवू शकतं.

पैसा नाही, ही सबबही पुरती खरी नाही. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो.