समुद्र : तो, ती कीं तें?

फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी प्रांतांत ‘मोर्बियां’ नांवाचा एक जिल्हा आहे. 1790 मध्यें फ्रान्सचे नवे जिल्हे पाडण्यांत आले, तेव्हां त्यास तेथील ब्रेटन भाषेंतील नांव मिळालें. या नांवांतील ‘मोर’ म्हणजे आपला पिसारा फुलविणारा पक्षी नव्हे. ‘मोर’ म्हणजे समुद्र आणि ‘बिहान’ म्हणजे लहान. ब्रेटन ही केल्टिक कुळांतील भाषा. शेजारचा फ्रेंच माणूस समुद्रास ‘मेर’ म्हणतो. मोर आणि मेर हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज. परंतु ब्रेटन ‘मोर’ पुल्लिंगी, तर फ्रेंच ‘मेर’ स्त्रीलिंगी!

असें कां व्हावें? फ्रेंचची जननी लॅटिन. तिच्यांतील ‘मारे’ हा शब्द नपुंसकलिंगी होता. प्राचीन आयरिशमधील ‘मुइर्’ हाहि नपुंसकलिंगीच. पुढें दोन्ही कुळांत नपुंसकलिंग लोप पावलें आणि निराश्रित झालेल्या नामांना उरलेल्या दोन घरांपैकीं एकाचा आसरा घ्यावा लागला.

केल्टिक भाषांपैकीं वेल्श व ब्रेटन यांनीं समुद्रास पुल्लिंगांत घेतलें. आयरिशनें बहुधा स्त्रीलिंगांत. आयरिशमध्यें उपपद लागतांच स्त्रीलिंगी ‘मुइर्’चा ‘म’ मृदु होऊन ‘व’सारखा ऐकूं येतो. वेल्शमध्यें मुलगी या अर्थाच्या ‘मेर्ख’ शब्दाचा ‘म’ असाच बदलतो. पुल्लिंगी ‘मोर’चा मात्र बदलत नाहीं.

लॅटिनच्या लेकींतहि एकमत नाहीं. इटालियन व पोर्तुगीज यांचा समुद्र पुल्लिंगी. फ्रेंच व रुमानियन यांचा स्त्रीलिंगी. स्पॅनिशनें दोन्ही दारें उघडीं ठेवलीं. सामान्य व्यवहारांत ‘एल् मार’ हें पुल्लिंगी रूप चालतें. खलाशी व कोळी मात्र ‘ला मार’ असें स्त्रीलिंगी बोलतात. भर समुद्रांत या अर्थाच्या ‘एन् आल्ता मार’ या रूढ प्रयोगांतहि तेंच स्त्रीलिंग टिकून आहे.

मराठीनें संस्कृतचीं तिन्ही लिंगें राखलीं, म्हणून आपण ‘तें फळ’, ‘तें पुस्तक’ म्हणतों. हिंदींत नपुंसकलिंग उरलें नाहीं. तेथें ‘फल’ पुल्लिंगी झालें, ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी. समुद्राप्रमाणेंच फळाचा किंवा पुस्तकाचा स्वभाव कांहीं बदललेला नाहीं. बदलली ती भाषेची वहिवाट. मराठी माणसाचें हिंदी किंवा हिंदी माणसाचें मराठी ऐकून हसूं येतें, तेव्हां एवढें आठवावें : बोलणारा आपल्या घरची वहिवाट शेजारच्या घरांत पाळीत असतो.