गॅलरीच्या कोपऱ्यात मावेल असे सफरचंद

सफरचंदाचा एक प्रकार असा आहे की त्याला आडव्या फांद्या जवळपास फुटतच नाहीत. एकच शेंडा सरळ वर जातो, पेरी आखूड राहतात, खोडालाच बिलगून बोटाएवढ्या फळकाड्या येतात आणि बहर आला की सगळा खांब फुलांनी झाकून जातो. उंची आठ-दहा फूट, घेर जेमतेम दोन फूट. झाड मोठ्या कुंडीतही वाढते.

हैदराबादच्या कुकटपल्लीत राहणाऱ्या कुणालाही हे वर्णन वाचून आपली गॅलरी आठवेल. केपीएचबी कॉलनीतल्या जुन्या घरांपासून आता उभ्या राहिलेल्या उंच इमारतींपर्यंत जागेची कथा एकच आहे: आडवी जागा थोडी, उभी भरपूर. कामानिमित्त इथे स्थिरावलेल्या मराठी घरांच्या गॅलऱ्यांत तुळस, कढीपत्ता, मोगरा, फार तर कुंडीतले लिंबू दिसते. तिथे दोन फुटांत मावणारे, गुलाबी फुलांचे सफरचंद का नको? आज उपलब्ध असलेले खांबी वाण आणून लावले तर ते इथे फुलणार नाही. मात्र फुलेल असे वाण तयार करता येणार नाही, असे मुळीच नाही. त्यासाठी लागणारे गुण वेगवेगळ्या झाडांत आज हजर आहेत. त्यांची गाठ घालून द्यायची आहे.

खांबी सफरचंदाचा जन्म कॅनडातला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात केलोना येथे अँथनी विजसिक यांच्या बागेत मॅकिंटॉश जातीचे सुमारे पन्नास वर्षांचे झाड होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या झाडाची एक फांदी बाकीच्यांहून वेगळी दिसली. पाने दाट, पेरी आखूड, उपफांद्या नाहीत. तिची कलमे केली तेव्हा नवी झाडेही तशीच वाढली. म्हणजे एका डोळ्यात अचानक जनुकीय बदल झाला होता आणि तो टिकला होता. त्या वाणाला ‘मॅकिंटॉश विजसिक’ म्हणतात. जगभरची खांबी सफरचंदे याच एका फांदीची वंशज आहेत.

आपल्या द्राक्षवाल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून निवडलेला ‘तास-ए-गणेश’, सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी हेरलेले ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही सगळी अशीच बागेत फिरता फिरता नजरेला पडलेली रत्ने आहेत. झाड बदलते ते स्वतःच्या कारणाने, पण बदल ओळखणारा डोळा बागायतदाराचा लागतो. या माणसांचे श्रेय प्रयोगशाळेतल्या संशोधकाहून कमी धरू नये, असे मला मनापासून वाटते.

विजसिकच्या त्या फांदीत नेमके काय घडले हे कळायला पुढे पन्नास वर्षे लागली. २०१३-१४ च्या सुमारास युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सफरचंदाच्या दहाव्या गुणसूत्रावर सुमारे ८,२०० अक्षरांचा एक डीएनएचा तुकडा, जागा बदलत फिरणाऱ्या तुकड्यांपैकी एक, नव्या ठिकाणी येऊन बसला आहे. त्याच्या शेजारचे एक जनुक एरवी मुळांत काम करते. तुकडा येऊन बसल्यावर ते शेंड्यातही जागे झाले. त्यातून तयार होणारे विकर जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर कमी करते. द्राक्षबागेत घड बुडवताना ज्याला आपण नुसते ‘जीए’ म्हणतो, तेच हे जिबरेलिन. तिथे ते वाढवून घड मोकळा आणि मणी लांब करतात. इथे झाडाने स्वतःच ते घटवले, म्हणून पेरी आखूड राहिली आणि फांद्यांच्या जागी फळकाड्या आल्या.

हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून आला तरी दिसतो. विजसिकची साध्या सफरचंदाशी गाठ घातली तर हिशेबाने निम्मी रोपे खांबी निघायला हवीत. प्रत्यक्षात बऱ्याच संकरांत ती निम्म्याहून थोडी कमीच भरतात. तरीही पैदासकारासाठी हे प्रमाण फार चांगले म्हणायचे. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने याचा फायदा घेतला. केन टोबट यांनी तिथे केलेल्या संकरांतून १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘बॅलेरिना’ नावाने खांबी झाडांची एक मालिका बाजारात आली. वॉल्ट्झ, पोल्का, बोलेरो, फ्लॅमेंको अशी नृत्यांची नावे तिच्यातल्या वाणांना दिली. त्याच मालिकेतले ‘मेपोल’ आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे. ते शोभेचे झाड आहे. विजसिक आणि ‘बास्काटाँग’ नावाचे लाल फुलांचे रानसफरचंद यांची ती संतती. फुले गडद गुलाबी, कोवळी पाने तांबूस, फळे लहान, जांभळट लाल आणि आंबट, जेलीच्या कामाची.

शोभेचे वाण काढायचे ठरवले की पैदासकाराच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो. खांबी सफरचंदांची जुनी तक्रार फळांची आहे. चव मध्यम, आणि एक वर्ष खूप फळ तर दुसऱ्या वर्षी जवळपास काहीच नाही. फळबागेसाठी हा दोष मोठा. गॅलरीतल्या झाडाकडून मात्र आपण मुख्यतः फुले, पाने आणि आकार मागतो. चार फळे धरली तर आनंदच.

मग अडते कुठे? थंडीत.

सफरचंदाची कळी उन्हाळ्यातच तयार होते आणि हिवाळ्यापूर्वी झोपी जाते. अवेळी आलेल्या उबेला फसून ती फुलू नये, म्हणून तिला ठरावीक काळ थंडी अनुभवावी लागते. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली किती तास गेले, यावर बागायतदार हा हिशेब मांडतात. हिमाचलातल्या रॉयल डिलिशियसला असे हजाराहून जास्त तास लागतात. कुकटपल्लीत जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो खरा, पण पारा सात अंशांखाली क्वचितच जातो. थंडी पुरी न मिळालेले झाड मरत नाही, पण खुरटते. शेंड्याला चार पाने फुटतात, बाकीचे डोळे मिटलेलेच राहतात. विजसिक आणि त्याची लेकरे थंड देशांतली, त्यामुळे तीही याच पंगतीत. ‘कोणत्याही हवामानात फळणारे खांबी सफरचंद’ म्हणून कुणी रोप विकत असेल, तर वाणाचे नाव आणि थंडीची गरज विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

थंडीची गरज कमी असलेली सफरचंदे जगात आहेत. इस्रायलमध्ये काढलेले ‘ॲना’ आणि बहामा बेटांवर सापडलेले ‘डॉर्सेट गोल्डन’ ही त्यांतली प्रसिद्ध. आणि एक आपल्या देशातले. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट, म्हणजे सफरचंदाच्या पट्ट्याच्या बरेच खाली. तिथले शेतकरी हरिमन शर्मा यांच्या परसात खाऊन टाकलेल्या सफरचंदांच्या बियांतून १९९९ मध्ये एक रोप उगवलेले दिसले. इतक्या उष्ण जागी ते तगले, हेच त्यांना विलक्षण वाटले. २००१ मध्ये त्याला फळे लागली. शर्मांनी ते झाड जपले, त्यावरून कलमे केली आणि आज ‘एचआरएमएन-९९’ नावाने ते देशभर पोहोचले आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या वाणाच्या प्रसाराला हात दिला आणि २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री जाहीर झाली.

हेच वाण तेलंगणातही रुजले, आणि तेही मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर. कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातले केरामेरी मंडल चंद्रपूरच्या जिवती तालुक्याला लागून आहे. तिथल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे आणि घराघरांत मराठी बोलली जाते. याच मंडलातल्या धनोरा गावचे शेतकरी केंद्रे बालाजी यांनी सफरचंद लावले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांना मार्गदर्शन केले. २०२० च्या जूनमध्ये, तेलंगणाच्या स्थापनादिनी, त्यांनी आपल्या बागेतली फळे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेट दिली. राज्यात सफरचंद पिकू शकते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

धनोऱ्यावरून कुकटपल्लीचा अंदाज बांधताना मात्र सावध राहायला हवे. आसिफाबाद-आदिलाबादचा डोंगराळ पट्टा तेलंगणातला सर्वांत थंड भाग. तिथे हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. शहरात सिमेंट दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहते. म्हणून गॅलरीसाठीच्या झाडाची थंडीची गरज धनोऱ्याहूनही कमी हवी, आणि त्याची निवड शहरातच, कुंडीतच, तापलेल्या भिंतीशेजारीच व्हायला हवी. हिमाचलात निवडलेले रोप इथे आणून लावण्यात अर्थ नाही.

आता गाठ कशी घालायची ते पाहू. एका बाजूला ‘मेपोल’, दुसऱ्या बाजूला ॲना किंवा एचआरएमएन-९९. मेपोल थंड प्रदेशात मार्च-एप्रिलनंतर फुलतो. उबदार भागातले झाड फेब्रुवारीतच फुलून मोकळे होते. त्यामुळे मेपोलचे पराग गोळा करून, सुकवून, शीतपेटीत पुढच्या हंगामापर्यंत राखावे लागतात. मादी झाडाची कळी फुगून उमलायच्या बेतात असताना तिचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, स्त्रीकेसरावर पराग लावायचे आणि मधमाशी शिरू नये म्हणून पिशवी बांधायची. फळ पिकल्यावर बिया ओल्या वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायच्या, कारण सफरचंदाच्या बीलाही उगवण्याआधी थंडी लागते.

पुढची निवड मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. मेपोलचा तांबूस रंग प्रभावी जनुकामुळे येतो आणि तो अगदी कोवळ्या रोपातच डोळ्यांना दिसतो. हिरवी रोपे त्याच आठवड्यात बाजूला काढता येतात. खांबी गुणासाठी दोन वर्षे थांबायची गरज नाही. तो डीएनएचा तुकडा कुठे आहे हे ठाऊक असल्याने एका पानावरून चाचणी होते. थंडीची कमी गरज हा गुण मात्र असा लगेच पकडता येत नाही. ॲनाच्या संततीवरच्या अभ्यासात तो बराचसा एका प्रभावी जनुकाच्या हाती असल्याचे आढळले, पण त्याला कमी-जास्त करणारी आणखी जनुके आहेत. तिन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे संततीत गेले असे धरले, तर आठांत एखादे रोप तिन्ही घेऊन निघेल. शेकडो बिया पेरल्या तर निवडीला पुरेशी रोपे हाताशी येतात.

त्यानंतरचा काळ वाट पाहण्याचा. बीपासून आलेले सफरचंद फुलायला चार ते आठ वर्षे घेते. एम-९ सारख्या बुटक्या खुंटावर डोळा भरला तर हा काळ कमी होतो. हे खुंटही ईस्ट मॉलिंगनेच जगाला दिले. आपल्या उन्हाळ्याचा आणखी एक त्रास आहे. पानाफळांचा लाल रंग थंड रात्रींत खुलतो, गरमीत फिका पडतो. म्हणून मेच्या उन्हातही ज्याची पाने तांबडी राहतात ते रोप, हा निवडीचा निकष ठेवावा लागेल.

थंडीला पर्याय म्हणून एक जुनी युक्तीही हाताशी आहे. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बातू भागात सफरचंदाची पाने हाताने ओरबाडून काढतात. कळी गाढ झोपी जाण्याआधीच तिला जाग येते आणि झाड वर्षातून दोनदा फळते. डाळिंबाला ताण देऊन, पानगळ करून बहार धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. कुंडीतल्या झाडाचे पाणी तोडणे तर अगदी सोपे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड लावतात, पण ते विषारी आहे. घराच्या गॅलरीत त्याला कधीही जागा देऊ नये. पानगळीने आणि पाण्याच्या ताणानेच भागेल असे वाण निवडले पाहिजे.

कायदाही या कामाला पोषक आहे. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ खाली नवे वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर असल्याचे सिद्ध झाले तर त्याची नोंद होते. झाडे आणि वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. संस्थेइतकाच हा हक्क शेतकऱ्यालाही आहे.

डीएनए चाचणी करू शकणारी सीसीएमबी शहराच्या दुसऱ्या टोकाला हबसीगुड्यात आहे. सिद्दीपेट जिल्ह्यातल्या मुलुगू येथे श्री कोंडा लक्ष्मण यांच्या नावाचे उद्यानविद्या विद्यापीठ आहे. केरामेरीत सफरचंद पिकवलेला शेतकरी आहे. या तिघांनी एकत्र यावे आणि पहिल्या शंभर बिया पेराव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे. दहा-बारा वर्षांचे काम आहे, म्हणून ते याच हिवाळ्यात सुरू व्हावे. आणि तुमच्या गॅलरीला सहा तास ऊन मिळत असेल, तर तोवर एचआरएमएन-९९ चे खात्रीचे कलम मोठ्या कुंडीत लावून पाहा. कोणत्या महिन्यात पाने गाळली, कधी कळी फुटली याची नोंद ठेवा. पुढे निवड करणाऱ्यांना अशाच घराघरांतल्या नोंदींचा आधार लागणार आहे.