समुद्राकडे पाठ फिरवणारी नदी

आफ्रिकेचा नकाशा शिकवत होते. एका मुलीने बोट ठेवून विचारले, "मॅडम, ही नायजर नदी रस्ता चुकली का? समुद्र जवळ असून वाळवंटाकडे का चालली?"

प्रश्न रास्त होता. नायजर गिनी देशाच्या डोंगरात उगम पावते. तिथून अटलांटिक महासागर जेमतेम 240 किलोमीटरवर आहे. पण मध्ये डोंगर आडवे येतात आणि उतार ईशान्येकडे जातो. म्हणून ती मालीतून थेट सहाराच्या काठावर, टिंबक्टूजवळ पोहोचते. तिथून वळण घेऊन नायजर देश आणि बेनिनची सीमा ओलांडते व नायजेरियातून गिनीच्या आखाताला मिळते. एकूण प्रवास सुमारे 4,180 किलोमीटरचा.

या वळणाने मोठमोठ्यांना फसवले. 1352-53 मध्ये मालीला गेलेला प्रवासी इब्ने बतूता हिला नाईलच समजला. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने 1796 मध्ये सेगूजवळ ती पूर्वेकडे वाहताना पाहिली. तिचे मुख नेमके कुठे, हे युरोपला 1830 मध्ये लँडर बंधूंच्या प्रवासानंतर कळले. काठच्या लोकांना अर्थातच ती आपली रोजचीच नदी होती.

मालीत नदी एका विस्तीर्ण सपाट प्रदेशात पसरते. समुद्रापासून इतक्या दूर असूनही याला 'आतला त्रिभुज प्रदेश' म्हणतात. पूर आला की बोझो कोळी मासे धरतात, शेतकरी भात पिकवतात. पाणी ओसरले की मागे उरलेल्या हिरव्या कुरणात फुलानी लोक गुरे आणतात. एकाच जमिनीवर तिघांचे पोट, पण आळीपाळीने. इथेच बानी या उपनदीकाठी जेन्ने गावाची प्रसिद्ध मातीची मशीद आहे. दरवर्षी सारा गाव मिळून तिला नवा गिलावा देतो. स्त्रिया पाणी वाहतात, पुरुष आणि मुले माती लिंपतात.

पाण्याचा प्रवास मात्र संथ आहे. गिनीत जुलै ते सप्टेंबरात पडलेल्या पावसाचा पूर टिंबक्टूला डिसेंबर-जानेवारीत चढतो आणि नियामे शहराला त्यानंतर. म्हणजे आकाशात ढग नसताना नदी भरते! नायजेरियात स्थानिक पावसाच्या गढूळ पुराला 'पांढरा पूर' म्हणतात आणि गाळ मालीत टाकून उशिरा आलेल्या स्वच्छ पाण्याला 'काळा पूर'.

त्याच मुलीने पुढे विचारले, "मग गिनीने पाणी अडवले तर?"

खरा पेच हाच आहे. गिनीच्या घरांना वीज हवी, मालीच्या शेतांना कालवे हवेत. मालीतील मार्काला धरण 1947 मध्ये पूर्ण झाले. नायजेरियाचे काइंजी धरण 1968 चे. कुणाचीही गरज खोटी नाही. पण वर पाणी अडले की खाली पूर कमी पसरतो. मग मासळी घटते, कुरणे आक्रसतात आणि कोळी, शेतकरी व गुराखी आळीपाळी सोडून एकमेकांशी भांडू लागतात.

म्हणून या खोऱ्यातील देशांनी 1964 मध्ये एक आयोग नेमला. 1980 पासून तो 'नायजर खोरे प्राधिकरण' झाला. गिनी, माली, नायजर, बेनिन, नायजेरिया यांच्यासोबत बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून आणि चाड हेही सदस्य आहेत, कारण त्यांच्या भूमीवरचा पाऊसही याच खोऱ्यात उतरतो. 2008 मध्ये त्यांनी पाण्याची सनद केली. नदीवर मोठे काम काढण्याआधी शेजाऱ्यांना कळवायचे, हे तिचे एक महत्त्वाचे सूत्र. बंडाळी आणि गरिबीने पोळलेल्या या देशांना ते पाळणे सोपे नाही. तरी बोलणे चालू आहे, ही छोटी गोष्ट नव्हे.

आज रात्री जेवणानंतर मुलांसोबत नकाशा उघडा. गिनीपासून बोट फिरवा आणि प्रत्येक सीमेवर थांबून मुलांना विचारा: इथे पाण्याची वाट कोण पाहत असेल?